पुडीत काय आहे

मार्गरेट नर्सबाईंनी बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. बाळ हललं नाही. त्यांनी ओल्या कापसानं तिचं कपाळ पुसलं, कानापाशी चुटक्या वाजवल्या, लंगोट सोडून पुन्हा बांधला. बाळानं एकदा ओठ चोखल्यासारखे केले आणि परत गाढ.

"नेहमी अशीच झोपते?"

"फार गुणी आहे," मी म्हटलं.

मागून माझी आई म्हणाली, "सांग तिला, आमच्याकडं बाळं अशीच झोपतात. वेखंड लावलं, शेक दिला, की रडायचं कारणच काय?"

मी ते सांगितलं नाही. नर्सबाई बाळाला वजनकाट्यावर ठेवत होत्या. काट्यानं मागच्याच खेपेचा आकडा दाखवला. त्यांनी बाळाला उचलून पुन्हा ठेवलं. तोच आकडा.

"तुम्ही काही औषधं घेता? झोपेची, दुखण्याची?"

"काही नाही."

"ती दुधासाठीही उठत नाही, हे मला बरं वाटत नाही. दर दोन तासांनी उठवायचं. सोमवारी वजन वाढलेलं नसेल, तर दाखल करू."

त्या गेल्यावर आईनं दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. "गोरी आहे, वारं घेऊन येते," ती म्हणाली.

ही कॅनडातली गोष्ट, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शहरातली. माझा नवरा विलास मालाचा ट्रक चालवायचा. एकदा डोंगर ओलांडून गेला की पाच-सहा दिवस फक्त फोनवर. आम्ही एका पंजाबी बाईंच्या घराच्या तळघरात भाड्यानं राहत होतो. एकच खिडकी, तीही छताला चिकटून. तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसायचे, आणि मंगळवारी कचऱ्याच्या डब्याची चाकं. अडतिसाव्या वर्षी मला मूल झालं, तेव्हा अकोल्याहून आई आली. विदर्भातलं नव्हे, आमचं नगरकडचं अकोलं.

आईनं येताक्षणी घराचा ताबा घेतला. सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. डोक्याला रुमाल, कानात कापूस, कमरेला पट्टा. तिनं पहिल्या दिवशी ओवा-शेपांची धुरी दिली, आणि छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलायला लागला. वरून घरमालकीण बलबीर आंटी अनवाणी धावत आल्या, हातात पाण्याची बादली. त्यानंतर धुरी बंद झाली. बाकी सगळं चालू राहिलं. माझ्या बाळाच्या दुपट्यापासून माझ्या श्वासापर्यंत सगळं आईच्या हातात होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी झोपत होते. दुपारी झोपायचे, संध्याकाळी झोपायचे, बोलता बोलता झोपायचे. बाळही झोपायचं. बलबीर आंटी म्हणायच्या, "तेरी माँ के हाथ में जादू है." विलास फोनवर म्हणायचा, "नशीबवान आहेस. इथं माझ्या दोस्ताचं पोरगं रात्रभर बोंबलतं."

त्या दिवशी नर्सबाईंचा तो काटा डोक्यात बसला होता म्हणून असेल, मी जागी राहिले. चार-साडेचारालाच तिकडं अंधारून येतं. आई ओट्याशी काढा करत होती. पाठमोरी होती. तिनं भाजणीच्या पिशवीत हात घातला, एक कागदी पुडी काढली, उकलली, अर्धी माझ्या काढ्यात टाकली, अर्धी स्वतःच्या तळहातावर घेऊन तोंडात.

"कशाची गं ती?"

"गुडघ्यांची. नानावैद्यांची. तुझी कंबर धरलीय ना, म्हणून तुलाही देते थोडी."

"कधीपासून?"

"आले तेव्हापासून. गुण आला की नाही? मी आले तेव्हा कण्हत होतीस नुसती."

"मला सांगितलं नाहीस."

"काढ्यात सुंठ घातली, गूळ घातला, ते सांगते का तुला? पी आता, निवतोय."

मी पेला घेऊन मोरीत गेले आणि ओतून दिला. पाणी सोडून उभी राहिले. आई काढा करते, मी पिते, माझं दूध बाळ पितं. इतकी साधी ओळ, आणि मला ती तीन आठवडे दिसली नव्हती, कारण मी झोपले होते.

आता करायचं काय? नर्सबाईंना फोन करावा, हा पहिला विचार. लगेच दुसरा. बलबीर आंटींच्या कुणा भाचीच्या घरी बाळाच्या अंगावर निळा डाग दिसला म्हणून सरकारी बाई आली होती आणि मूल घेऊन गेली होती. डाग जन्मखूण निघाला, तरी मूल परत मिळायला किती खेटे घालावे लागले! हे आंटींनी मला इतक्यांदा सांगितलं होतं, की ते मूल मीच हरवलं होतं असं वाटायचं. मी काय सांगणार होते? आईनं विमानातून चोरून आणलेली कसलीशी पूड मी खाल्ली आणि पोरीला पाजली? कसली, ते माहीत नाही? आईला विचारावं तर ती म्हणणार झाडपाला. विलासला सांगावं तर तो बर्फाच्या घाटात, आणि रागीट.

मग मला टेस आठवली.

बाळंतपणाआधी मी एका मिठाईच्या दुकानात समोसे भरायचे. शेजारच्या गाळ्यात एक अजब दुकान होतं. तिथं विकत काही मिळायचं नाही. लोक आपल्याकडची नशेची पूड, गोळी, जे असेल ते घेऊन यायचे, आणि आतली माणसं तपासून सांगायची की यात नेमकं काय आहे. फुकट, सरकारच्या परवानगीनं, नाव न विचारता. बाजारात भेसळीचा माल आला होता आणि माणसं पटापट मरत होती, म्हणून ते काढलेलं. टेस तिथं कामाला होती. दुपारी समोसा खायला यायची. मी एकदा तिला म्हटलं होतं, "तुम्ही त्यांना घेऊ नका असं का सांगत नाही?" ती म्हणाली, "ते सांगणारे पुष्कळ आहेत. काय घेतोयस, हे सांगणारं कुणी नव्हतं."

शुक्रवारी सकाळी आई अंघोळीला गेली तेव्हा मी भाजणीची पिशवी उपसली. तळाशी रबर लावलेला पुड्यांचा गठ्ठा होता. तो सगळाच्या सगळा माझ्या कोटाच्या खिशात घातला. एक तपासायला, बाकीच्या वाटेतल्या पहिल्या कचराकुंडीत टाकायला. तसं मी पक्कं ठरवलं होतं.

"बाळाला दाखवून आणते," मी म्हटलं.

"सव्वा महिना झालेला नाही."

"वजन वाढत नाही तिचं."

"मग मीही येते. एकटी कुठं तडफडशील?"

थोड्या वेळानं ती भाजणीच्या पिशवीपाशी खुडबुडत होती. मला ऐकू येत होतं. तिनं पिशवी उलटी केली, डबे हलवले, माझ्याकडं एकदा पाहिलं. विचारलं मात्र नाही. विलासचं जाकीट सहावारी साडीवर चढवून ती दारात उभी राहिली.

दुकानाच्या आत बसायला कोच होते, चहाची किटली होती, रांगेत एक सुटाबुटातला माणूस आणि गुलाबी केसांची एक मुलगी. आई मला चिकटून बसली.

"हा कसला दवाखाना? डॉक्टर कुठंय?"

"येईल."

टेस आली. बाह्या वर सारलेल्या, दोन्ही दंडांवर गोंदलेले मासे. मला पाहून ती आधी हसली, मग बाबागाडी पाहून गप्प झाली.

"हिच्या हातावर मासे कशाला?" आईनं विचारलं.

"हौस."

"खाते तरी का मासे?"

टेसनं आम्हाला आतल्या टेबलापाशी नेलं. "काय आणलंयस?" मी पुडी पुढं केली. घडीचा तो कागद, त्यावरची हिरवी रेघ, आईनं लांबूनच ओळखलं.

"कुमे," ती अगदी हळू म्हणाली, "ती माझी पुडी आहे."

"हो."

"माझ्या सगळ्या पुड्या तू घेतल्यास?"

"आई, आता गप्प बस."

"पोलिसात देतेस मला?"

टेस तिच्याकडं पाहत होती. "काय म्हणतात त्या?"

"काही नाही," मी म्हटलं.

टेसनं चिमूटभर पूड एका यंत्राच्या बारीक काचेवर ठेवली, वरून दांडा दाबला. पडद्यावर डोंगरासारखी वेडीवाकडी रेघ उमटली. झाडपाला दिसतोय, ती म्हणाली. बराचसा. आणि तापाच्या गोळीत असतं ते औषध, तेही भरपूर. "बारीक प्रमाणात असलेलं याला सापडत नाही. त्यासाठी पट्टी." तिनं पूड पाण्यात कालवली आणि तिच्यात एक कागदी पट्टी बुडवली. दिवस गेलेत का पाहायची असते ना, हुबेहूब तशी. मी अशा किती पट्ट्या न्हाणीघरात बसून पाहिल्या होत्या! दहा वर्षं. प्रत्येक वेळी एकच रेघ. एक म्हणजे काही नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं.

पट्टीवर एक रेघ उमटली. मी वाट पाहिली. दुसरी आली नाही.

"काही नाही!" मी मराठीतच ओरडले. "आई, काही नाही यात!"

आईनं जाकिटाच्या बाहीनं घाम पुसला. "मी काय म्हणत होते? उगाच माझ्या—"

"थांब," टेसनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "ही पट्टी उलटी वाचायची. दोन रेघा म्हणजे नाही. एक म्हणजे आहे."

मी बसले.

"झोपेच्या गोळ्यांच्या कुळातलं काहीतरी आहे. नेमकं कुठलं आणि किती, ते प्रयोगशाळेत कळेल. कोण घेतं हे?"

"मी. अर्धी पुडी, संध्याकाळी. तीन आठवडे. कालची नाही घेतली."

"बाळ अंगावर पितं?"

मी मान हलवली. टेसच्या चेहऱ्यावर काहीही आलं नाही. ना दया, ना धक्का. तिनं विचारलं, शेवटचं कधी प्यायली, किती प्यायली, श्वास नीट चालतोय का. वाकून बाळाच्या छातीकडं बघत राहिली, ओठांचा रंग पाहिला. "आत्ता ठीक दिसतेय. पण इथून थेट इस्पितळात. तिथं सांगेपर्यंत अंगावर पाजू नकोस. मी येते बरोबर."

"ते तिला काढून घेतील."

"कदाचित प्रश्न विचारतील. म्हणूनच येतेय." मग तिनं आईकडं हनुवटी केली. "आणि त्या?"

"ती तर पूर्वीपासून घेते. गुडघ्यांसाठी."

"किती वर्षं? दिवसातून किती?"

मी आईला विचारलं. आई घुश्शात होती. "तुला कशाला? तुझे बाबा गेले त्या वर्षापासून. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, त्यातली अर्धी आता तुला. आज सकाळची तुझ्या कृपेनं राहिली."

अकरा वर्षं. मी सांगितलं. टेसनं पहिल्यांदा खुर्ची पुढं ओढली. तेव्हा कुठं मला दिसलं की आईचे हात मांडीवर ठरत नव्हते. बाहीनं पुसलेला घाम पुन्हा कपाळावर आला होता. बाहेर बर्फ पडेल इतकी थंडी होती. मी ते सगळं रागावर घातलं होतं.

"हे एकाएकी बंद करायचं नाही," टेस म्हणाली. "इतक्या वर्षांनी एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. माणूस जातंसुद्धा. बाकीच्या पुड्या कुठंत?"

माझ्या खिशात. माझा हात त्यांच्यावरच होता.

"तिची तिला दे," टेस म्हणाली. "आत्ता तिची सकाळची घेऊ दे, मग डॉक्टर ठरवतील हळूहळू कसं उतरवायचं."

आई माझ्या बाहीला ओढत होती. "काय म्हणते? अगं, काय म्हणते ती?"

सगळ्यात अवघड काम माझंच होतं. दोघींच्या मध्ये मी, आणि दोघींकडं जायची वाट माझ्या तोंडातून. वाटलं, काहीतरी गोड सांगावं. यंत्र बिघडलंय म्हणावं.

"आई, पुडीत झोपेच्या गोळ्या कुटून घातल्यात."

"नानावैद्य गोळ्या देत नाहीत. झाडपाला देतात."

"झाडपाल्यात घालतात."

"मग माझे गुडघे बरे कसे झाले?"

"झाले नाहीत. दुखतातच. तुला कळत नाही, इतकंच."

 बाबागाडीतल्या त्या गुणी, शांत, हलवली तरी न हलणाऱ्या पोरीकडं तिची नजर गेली आणि तिथंच राहिली.

"म्हणजे ही झोपते ती..."

मी बाळाचं दुपटं सारखं केलं.

"माझ्या हातानं," ती म्हणाली.

मी पुडी उघडून तिच्यापुढं धरली. "ही घे."

आईनं माझ्या हातावर असा फटका मारला की पूड टेबलावर सांडली. "टाक ती गटारात! लेकराच्या अंगात भिनलं ते मी परत तोंडात घालू? तू मला ओळखलंस तरी का?"

"आई, नाही घेतलीस तर फिट येईल तुला."

"येऊ दे. मेले तर मेले."

"आणि मी काय करू? इथं या परक्या गावात एका हातात ही आणि एका हातात तू?" माझा आवाज चढला. बाहेरच्या कोचावरचा सुटाबुटातला माणूस मान वळवून पाहायला लागला. "सकाळी मीच सगळ्या टाकायला निघाले होते. टाकल्या असत्या तर तू घरात एकटीच असताना पडली असतीस, आणि मी म्हटलं असतं, थंडीनं पडली. घे ना गं."

सकाळी जी वस्तू मी चोरली होती, ती घे म्हणून आता मी तिच्या पाया पडायच्या बेताला आले होते. टेसला एक शब्द कळत नव्हता. ती उठली, कागदी पेल्यात कोमट पाणी घेऊन आली, आणि आईच्या पुढ्यात उकिडवी बसली.

"यांना सांग, मी माणसांना फिट येताना पाहिलंय. आज मला परत पाहायचं नाही."

मी सांगितलं. आई त्या गोंदलेल्या माशांकडं कितीतरी वेळ बघत राहिली.

"ही कुणाची पोरगी आहे गं?"

"माहीत नाही."

"जेवते तरी का वेळेवर? किती वाळलीय."

मग तिनं दुसरी पुडी घेतली. डोळे मिटून, तोंड वाकडं करून, पहिल्यांदाच कडू लागल्यासारखी. आणि टेसचं पाणी सगळं पिऊन टाकलं.

इस्पितळात आम्हाला एका खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. बाळाला आत नेलं होतं. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक सरकारी बाई आली. तिनं मला सगळं पहिल्यापासून विचारलं, मग पुन्हा शेवटापासून विचारलं. मी खरं तेच सांगितलं, कारण दुसरं काही रचायची ताकद उरली नव्हती. आई प्रत्येक वाक्याला विचारायची, "काय म्हणते? देणार का बाळ?" मी म्हणायचे, देतील. मला ठाऊक नव्हतं. त्या खोलीला खिडकीच नव्हती. मला आमच्या खिडकीतल्या बुटांचीही आठवण येऊन गेली. टेस भिंतीला टेकून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "या बाई स्वतःहून पुडी घेऊन आल्या. शंका आली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ओळखपत्रवाली बाहेर गेली. मग खूप वेळ कुणीच आलं नाही.

आणि मग भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं. चिरकं, संतापलेलं, श्वास तुटेपर्यंतचं. कुणाचं ते आम्हाला ओळखता येईना. तीन आठवड्यांत आम्ही ते ऐकलंच नव्हतं. दार उघडलं, आणि लालबुंद तोंडाची माझी मुलगी दोन्ही मुठी आपटत नर्सच्या हातात होती.

"भूक लागलीय तिला," नर्स म्हणाली. "फार रागावलीय."

दोन दिवस देखरेखीखाली ठेवून त्यांनी बाळ आमच्याकडं दिलं. आईचं परतीचं तिकीट पुढं ढकललं. डॉक्टरांनी पुडी बदलून मोजक्या ताकदीची गोळी दिली, दर पंधरवड्याला चिमूटभर कमी. देणारी मी. तो हिवाळा आम्ही कसा काढला, ते बलबीर आंटींना विचारा. आईला झोप यायची नाही. गुडघे अकरा वर्षांचं दुखणं एकदम वसूल करत होते. ती माझ्यावर चिडायची, भांडी आपटायची, मध्येच रडायची. बाळ तिच्या सुरात सूर मिसळायचं. विलास आल्यावर म्हणाला, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "दोघी जाग्या होतायत."

गोळी अर्ध्यावर आली, त्या दिवशी आईनं अकोल्याला तिच्या बहिणीला, यमूमावशीला फोन लावला. आमच्या गल्लीत नानावैद्यांची पुडी आईनंच सगळ्यांना लावली होती. मावशीला तर ती स्वतः आणून द्यायची. आतापर्यंत तिनं फोन टाळला होता. बाळ खांद्यावर घेऊन ती येरझाऱ्या घालत होती, आणि बाळ ओरडत होतं.

"यमे, पुडी चालूय ना तुझी?"

"चालूय की. तुझ्या नातीला काय झालं? केवढी बोंबलते!"

"बोंबलू दे. यमे, त्या पुडीत झोपेच्या गोळ्या असतात."

"कोण म्हणतं?"

"मशीन म्हणतं."

पलीकडं मावशी हसली. मग हसायची थांबली. "अगं बाई. खरं सांगतेस? थांब, आत्ताच्या आत्ता चुलीत घालते सगळ्या."

"नाही!" आई इतक्या जोरात ओरडली की बाळसुद्धा गप्प झालं. "खबरदार हात लावलास तर! खाली ठेव त्या. यमे, ठेवल्यास? आता बस. एकदम सोडायची नाही, मरशील. रोजची घे, आणि उद्या त्या मोठ्या दवाखान्यात जा. मी सांगते काय बोलायचं ते. तुला कुणी बोलणार नाही, आणि बोललं तर बोलू दे."

 मावशी बारीक आवाजात म्हणाली, "अक्का, मी आमच्या सुनबाईलाही देते गं. दिवस गेलेत ना तिला. कंबर धरते तिची."

आई उभी होती तिथं खाली बसली, फरशीवरच. माझ्याकडं पाहिलं. बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तिला माहीत आहे?"

"दुधात घालून देते."

"मग आधी तिला बोलव फोनवर," आई म्हणाली. "आणि तू शेजारी बस. ती काय विचारेल ते ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही."